अनुभव धागा : ट्रेलर सोडला, आता धबधब्याकडे

रानफूल

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन रानात मुक्कामाला जाणाऱ्यांच्या गप्पा ऐकल्यात कधी? किती फुटी घेतलास, ओढायला गाडी कोणती, बॅटरी किती वेळ पुरते, हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलरमधला जोड, कुठलं लावलंस. तासभर हेच. हे सगळं लागतंच, नाही म्हणत नाही. पण ज्या जंगलासाठी एवढा डबा मागे बांधून शेकडो मैल ओढत नेला, तिथे पोचल्यावर काय केलं हे कुणी सांगतच नाही. म्हणून हा धागा.

ट्रेलर जागेवर लावून झाल्यावर तुम्ही पायी कुठे गेलात? धबधबा कुठला, वाट कशी होती? आणि मुक्काम ट्रेलरमध्ये होता म्हणून त्या चालण्यात काय सोपं झालं, काय अडलं? नुसती नावांची यादी नको, ती कुठेही मिळते.

माझं मत आधीच मांडते, म्हणजे तुम्हाला भांडायला बरं. ट्रेलरची खरी किंमत सकाळी कळते. अमेरिकेतल्या नावाजलेल्या धबधब्यांची पार्किंगं सुट्टीच्या दिवशी नऊ-दहालाच भरून जातात. त्याच पार्कात झोपलेला माणूस तोवर धबधबा बघून परतीला लागलेला असतो. त्यामुळे कॅम्पग्राउंड निवडताना वीज-पाण्याचं हुकअप आहे का, हे मी शेवटी बघते. आधी नकाशात शोधते की कॅम्पपासून पायवाट सुटते का. आणि माझा एक हट्ट आहे: ट्रेलर मागे असताना कुठल्याही ट्रेलहेडकडे, म्हणजे पायवाट सुटते त्या जागेकडे, गाडी वळवायची नाही. आधी जागेवर जायचं, चाकांना पाचरी लावायच्या, हिच सोडायचं, आणि मगच बूट चढवायचे.

चला, लिहा.

ओलेचिंब

ऑरेगनच्या सिल्व्हर फॉल्स स्टेट पार्कबद्दल कुणीतरी लिहिणारच, मग मीच का नको! तिथल्या वाटेचं नाव 'ट्रेल ऑफ टेन फॉल्स'. पूर्ण फेरी ७.२ मैलांची, आणि धबधबे खरोखर दहा. त्यातल्या चार धबधब्यांच्या मागून वाट जाते. मागून म्हणजे अक्षरशः मागून. डोक्यावर काळा कातळ, समोर पाण्याचा पडदा, मधल्या दमट कपारीत आपण. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.

हे असं का झालं हे कळलं की बघायला आणखी मजा येते. वरचा थर बेसाल्टचा, दीडेक कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या पोटात मऊ थर. तुषारांनी आणि गोठण्या-वितळण्यानं मऊ थर झिजत आत गेला आणि वरचा टणक कातळ छतासारखा पुढे राहिला. नॉर्थ फॉल्सच्या मागच्या कपारीत उभे राहाल तेव्हा पाण्याचे फोटो काढून झाले की मान वर करा. छताला गोल भोकं दिसतील. लाव्हा आला तेव्हा तिथे उभ्या असलेल्या झाडांचे ते साचे. खोड गेलं, पोकळी उरली. लोक तिथे ढिगानं येतात आणि वर न बघताच निघून जातात.

साउथ फॉल्स १७७ फूट. १९२८ साली एका धाडसी गृहस्थांनी लोक जमवून होडीसकट त्यावरून खाली झेप घेतली होती. जखमी झाले, पण वाचले. कठड्याजवळ उभं राहून खाली बघितलं की या माणसाच्या डोक्यात नेमकं काय चाललं असेल असं वाटतं.

आम्ही वसंताच्या सुरुवातीला गेलो. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि वसंतात, त्यामुळे धबधबे तेव्हाच भरात असतात. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत काही धारा अगदी बारीक होतात. अर्थात भरातले धबधबे हवे असतील तर आपणही भिजणार, हा सौदा मान्य करूनच निघायचं. चौथ्या धबधब्यामागून बाहेर पडेपर्यंत माझ्या जॅकेटच्या आतला स्वेटरसुद्धा ओला होता. वर पाऊस चालूच. कॅम्पवर येऊन बूट पायरीवर, कपडे दारातच, आणि हीटर सुरू. तंबूचा मुक्काम असता तर त्या रात्री आम्ही गाशा गुंडाळला असता. दुसऱ्या दिवशी कोरड्या कपड्यांत तीच फेरी उलट्या दिशेनं केली.

मध्ये आडव्या वाटा आहेत, त्यामुळे पूर्ण ७.२ मैल जमणार नसतील तर अर्ध्यातून वर येता येतं.

शेपूटवाले

सिल्व्हर फॉल्सबद्दल एक भर. त्या दरीतल्या वाटेवर कुत्र्यांना बंदी आहे, पट्टा असला तरीही. वरच्या रिम ट्रेलवर चालतं. म्हणजे आमच्या घरातल्या सगळ्यात उत्साही गिर्यारोहकालाच प्रवेश नाही.

हे ट्रेलरवाल्यांनी आधी तपासावं, कारण 'कुत्रा ट्रेलरमध्ये ठेवू, एसी लावू' हा बेत फार जण करतात. बऱ्याच कॅम्पग्राउंडवर पाळीव प्राणी एकटा ठेवायला परवानगीच नसते. शिवाय कॅम्पची वीज गेली की उन्हात उभा असलेला बंद ट्रेलर बघता बघता भट्टी होतो, आणि तुम्ही तेव्हा तीन मैल आत असता, फोनला रेंज नसते. नॅशनल पार्कांत तर बहुतेक पायवाटा कुत्र्यांना बंदच. टेनेसी-नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये एवढ्या प्रचंड जंगलात फक्त दोन वाटांवर परवानगी आहे, आणि त्या दोन्हींवर मोठा धबधबा नाही. नॅशनल फॉरेस्टच्या वाटा मात्र बहुधा पट्ट्यासह चालतात. म्हणून आम्ही मुक्काम नॅशनल फॉरेस्टमध्ये टाकतो, आणि बंदी असलेल्या वाटांना आळीपाळीनं जातो. एकानं सकाळी, दुसऱ्यानं दुपारी. रात्री दोघं एकमेकांना तोच धबधबा सांगतो.

चौघांचा डबा

स्मोकीजचा विषय निघालाच आहे तर आमचा अनुभव लिहिते. आम्ही दोघं, दोन मुलं, मुक्काम एल्कमाँट कॅम्पग्राउंडला. नदी कॅम्पला लागूनच, रात्रभर तिचा आवाज. हुकअप नाही, शॉवर नाही. जनरेटर ठरलेल्या वेळातच चालवायचा. धाकट्यानं पहिल्या संध्याकाळी विचारलं, "मग इथे आहे काय?" उत्तर सकाळी दिलं.

कॅम्पच्या पुढे लिटल रिव्हर ट्रेल सुरू होते. मुलांना घेऊन जंगलात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हीच वाट घ्यावी असं माझं ठाम मत आहे. कारण ती मुळात वाट नव्हती, लाकूडतोड करणाऱ्या कंपनीच्या रेल्वेचा मार्ग होता. आगगाडीला चढता येईल एवढाच चढ, आणि रुंदी भरपूर. १९३४ मध्ये पार्क झालं, त्याआधी या दऱ्यांतली झाडं याच रुळांवरून खाली गेली. आज आजूबाजूला जे दाट जंगल दिसतं, त्यातलं बरंचसं त्यानंतर पुन्हा उगवलेलं. मोठीला हे सांगितल्यावर ती पुढचा अख्खा मैल रूळ शोधत चालली, त्यामुळे 'अजून किती लांब' हा प्रश्न आलाच नाही. दोनेक मैलांवर हस्की ब्रँच फॉल्स. ओढा वरून पायऱ्या-पायऱ्यांनी येतो, वाटेखालून जातो आणि नदीला मिळतो. उंची अशी फार नाही, वीसेक फूट. पण पुलावर बसून खाऊ खाताना एका बाजूला धबधबा आणि दुसऱ्या बाजूला नदी, अशी जागा मोठ्या नावाजलेल्या ठिकाणी बसायला मिळत नाही.

दुसरा दिवस ग्रोटो फॉल्सचा. इथे रानफूलचा नियम नुसता हट्ट राहत नाही, पार्कच तो लावतं. तिथे जाणारा रोअरिंग फोर्क हा एकेरी, चिंचोळा, वळणावळणाचा रस्ता; ट्रेलर, बस, मोटरहोम सगळ्यांना बंदी. हिवाळ्यात तर रस्ताच बंद असतो. गाडी मोकळी होती म्हणून सकाळी लवकर निघालो. पार्कात कुठेही पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर २०२३ पासून पार्किंग टॅग लागतो, तो आदल्या दिवशीच घेऊन ठेवला होता. वाट एका बाजूनं साधारण १.४ मैल, उंच हेमलॉकच्या सावलीतून. धबधबा पंचवीस फुटी, आणि याच्याही मागून जाता येतं.

पण मुलांना धबधबा आठवत नाही. त्यांना आठवतात लामा! माउंट लीकाँटच्या माथ्यावर एक लॉज आहे, तिथे रस्ता जात नाही. त्यांचं सामान आठवड्यातून काही दिवस लामांच्या पाठीवरून याच वाटेनं वर जातं. आम्ही परत येत होतो आणि समोरून ही वरात आली. बाजूला उभं राहून वाट दिली. धाकटा त्यानंतर दोन दिवस लामासारखा मान ताठ करून चालत होता.

आता अस्वलं. स्मोकीजमध्ये काळी अस्वलं भरपूर, आणि त्यांच्यापासून किमान ५० यार्ड लांब राहायचा नियम आहे. खाण्याचं सगळं सामान गाडीत किंवा पक्क्या भिंतींच्या ट्रेलरमध्ये बंद ठेवायचं. कापडी बाजू असलेला पॉप-अप यात बसत नाही, हे शेजारच्या साइटवरच्या कुटुंबाला रेंजरनं येऊन सांगितलं. आणि खाणं म्हणजे नुसता डबा नाही. टूथपेस्ट, भांडी घासायचा साबण, कुत्र्याचं खाणं, कचऱ्याची पिशवी, ज्याला वास येतो ते सगळं आत.

मागचं चाक

मंडळी, मी निवृत्त माणूस आहे. गुडघे जुने, ट्रेलर त्याहून जुना. मी पेनसिल्व्हेनियातल्या रिकेट्स ग्लेन स्टेट पार्कबद्दल लिहितो. तिथली आमची गोष्ट धबधब्याशी पोचायच्या आधी, रस्त्यावरच सुरू होते.

पार्कला जाणारा रस्ता म्हणजे ४८७. दक्षिणेकडून, रेड रॉकच्या बाजूनं आलात तर लेक जीनच्या प्रवेशापर्यंत चढ अतिशय उभा आहे. जड ट्रेलरवाल्यांनी तो टाळून उत्तरेकडून, डुशोरच्या बाजूनं यावं असं पार्कच सांगतं. फोनवरच्या नकाशाला हे ठाऊक नसतं, तो तुम्हाला जवळचा रस्ता दाखवून मोकळा होतो. त्यामुळे कुठल्याही पार्कला जाण्याआधी मी त्यांच्या पानावरची 'कसे पोचाल' ही चार वाक्यं वाचतो. त्या चार वाक्यांत कुठल्या तरी ट्रेलरवाल्याचा जळलेला ब्रेक असतो.

डोंगरात ओढताना दोन गोष्टी सांभाळाव्या. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर असावा. कमी पडला की मागचा डबा डोलायला लागतो, विशेषतः शेजारून मोठा ट्रक गेला की. आणि पाण्याची टाकी. एक गॅलन पाणी साडेआठ पौंडांच्या आसपास भरतं. कॅम्पवर नळ असेल तर भरलेली टाकी घाटात चढवण्यात काय शहाणपण?

बरं, आता चालणं. कॅम्पग्राउंड लेक जीनच्या काठी, म्हणजे डोंगराच्या वर. धबधबे खाली दरीत. याचा अर्थ असा, की सकाळी ताज्या पायांनी उतरायचं आणि थकल्यावर चढायचं. डोंगर चढायची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं आणि तिथेच हिशेब चुकतो. पाण्याची बाटली अर्धी झाली की मागे वळायचं, हा सपाटीवरचा हिशेब इथे चालत नाही, कारण परतीला तहान जास्त लागते.

दोन दऱ्या, गनोगा ग्लेन आणि ग्लेन ली. दोन्हींतून ओढे उतरतात आणि 'वॉटर्स मीट' नावाच्या ठिकाणी मिळतात. नकाशावर इंग्रजी वायचा आकार. नाव दिलेले धबधबे वीसपेक्षा जास्त, सगळ्यात मोठा गनोगा, ९४ फूट. पूर्ण फेरी इथेही ७.२ मैल. पण वरचा माथा हायलँड ट्रेलनं जोडून ३.२ मैलांची छोटी फेरी होते आणि बहुतेक धबधबे तिच्यातच येतात. आम्ही दोघं तीच करतो. सौभाग्यवती प्रत्येक धबधब्याचं नाव वाचून दाखवतात, मी प्रत्येक पायरी बघून पाऊल टाकतो.

त्या पायऱ्या दगडाच्या, ओल्या, कमी-जास्त उंचीच्या. उतरताना गुडघ्यावर भार येतो आणि ओल्या दगडावर पाय टिकत नाही. म्हणून चालायच्या काठ्या दोन घ्या, एक नव्हे. उतारावर त्या थोड्या लांब कराव्या, चढावर आखूड. रबरी टोपणं गुळगुळीत दगडावर बरी, मातीत काढून टाका. बुटाचा तळ किती खोल कोरलेला आहे यापेक्षा रबर किती मऊ आहे हे ओल्या दगडावर जास्त कामाला येतं. शेवाळावर मात्र कुठलाच बूट कामाचा नाही. हिरवं दिसलं की पाय दुसरीकडे.

हिवाळ्यात हा सगळा मार्ग बर्फाचा होतो. तेव्हा बर्फावरची साधनं असलेल्यांनाच आत जाता येतं.

ओलेचिंब

मागचं चाक काका, काठ्यांचं पटलं. मी धबधब्यामागून जाताना मात्र त्या गुंडाळते. तिथे हात मोकळे लागतात.

तंबूवाला

मी इथे पाहुणा. माझ्याकडे ट्रेलर नाही आणि घ्यायचाही नाही. पण वाटा त्याच आहेत, म्हणून लिहितो.

आधी तक्रार. जनरेटर चालवायला वेळ ठरवून दिलेली असते ती संपेपर्यंत चालवत राहण्यासाठी नसते. समोर ओढा वाहतोय आणि आम्ही तुमच्या इंजिनाची घरघर ऐकतोय. झालं माझं बोलून.

आता कॅलिफोर्नियातलं योसेमिटी. अपर पाइन्सच्या कॅम्पवरून चालतच हॅपी आइल्सला जाता येतं, आणि तिथून मिस्ट ट्रेल. व्हर्नल फॉल ३१७ फूट, त्याच्या बाजूनं ग्रॅनाइटच्या सहाशेपेक्षा जास्त पायऱ्या. मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असतो तेव्हा तुषार असे अंगावर येतात की पायऱ्या दिसत नाहीत. सकाळी लवकर गेलात तर वर जाणारेच भेटतात. दुपारी त्याच अरुंद ओल्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि उतरणारे एकमेकांना चुकवत असतात. उतरताना मी जॉन म्यूर ट्रेलनं येतो. लांब पडतं, पण पायाखाली कोरडं.

एक गोष्ट गंभीरपणे. व्हर्नलच्या माथ्यावर पाणी शांत दिसतं. पसरट, हिरवं, उन्हात चमकणारं. चढून आलेल्या घामेजलेल्या माणसाला त्यात पाय बुडवावासा वाटणं साहजिक आहे. जुलै २०११ मध्ये कठडा ओलांडून त्या पाण्यात गेलेल्या एकाला प्रवाहानं ओढलं, त्याला धरायला दोघं पुढे झाले, आणि तिघंही कड्यावरून गेले. तिथला खडक पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला आहे, एकदा पाय सुटला की पकडायला काही नाही. खाली पडणारं पाणी बघून माणूस आपोआप सावध राहतो. वरच्या शांत पाण्याची भीती त्याला शिकवावी लागते. मुलं असतील तर माथ्यावर हात धरा, पायथ्याशी एकवेळ सोडा.

चौघांचा डबा

पायथ्याशीही जरा जपूनच हं. धबधब्याच्या डोहात पडणारं पाणी खालच्या खाली गोल फिरतं आणि माणसाला पुन्हा धारेखाली ओढतं. वरून लाकडं, दगड येतात ते वेगळंच. आमच्याकडे नियम आहे: पाणी अंगावर उडालं तर चालेल, पाण्यात उतरायचं नाही.

जनरेटरबद्दल म्हणाल तर मान्य. आम्ही सौर पॅनेल नेतो. दाट जंगलात सावलीमुळे ते फार काही देत नाही हेही मान्य! थंडीत प्रोपेनचा फर्नेस असला तरी त्याचा पंखा बॅटरीवरच चालतो, आणि रात्रभर फर्नेस लावला तर सकाळी बॅटरी मान टाकते. म्हणून आम्ही झोपताना तापमान कमी करून जाड पांघरुणं घेतो.

एकटी_पण

मी एकटी फिरते, छोटा ट्रेलर, छोटी गाडी. माझी जागा माँटानातलं ग्लेशियर नॅशनल पार्क, पूर्वेकडची बाजू.

तिथल्या 'गोइंग-टू-द-सन' रस्त्यावर मधल्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहन नेता येत नाही. लांबी बंपरसकट मोजतात, रुंदी आरशांसकट. गाडी आणि ट्रेलर मिळून एकच वाहन धरतात, म्हणजे माझा 'छोटा' ट्रेलरही गेला. काही मोठे पिकअप तर ट्रेलर सोडल्यावरही या मर्यादेच्या आसपास असतात, तेव्हा घरून निघताना टेप लावून मोजा.

मी ट्रेलर सेंट मेरीच्या बाजूला ठेवला आणि सन पॉइंटपासून चालले. तळ्याच्या काठानं आधी बेअरिंग फॉल्स, मग सेंट मेरी फॉल्स, मग थोडं चढून व्हर्जिनिया फॉल्स. एकाच वाटेवर तीन, आणि तिघांचा स्वभाव वेगळा. सेंट मेरीचं पाणी हिमनदीच्या पिठूळ गाळामुळे निळसर-हिरवं. व्हर्जिनिया उंच, तिच्या पायथ्याशी इतका वारा सुटतो की टोपी धरावी लागते.

वाटेवरचं जंगल मात्र जळालेलं आहे. २०१५ च्या रेनॉल्ड्स क्रीकच्या वणव्यात हा सगळा उतार गेला. करड्या-रुपेरी खोडांचे नुसते खांब उभे, आणि त्यांच्या पायाशी जांभळी-गुलाबी फायरवीडची फुलं. जंगल बघायला आलेल्यांचा इथे विरस होतो. मला उलट आवडलं, कारण पानं नसल्यामुळे तळं आणि शिखरं पूर्ण वाटभर दिसत राहतात. दोन अडचणी आहेत. सावली नाही, आणि वारा असला की वाळलेली खोडं पडतात. वाऱ्याच्या दिवशी अशा खोडांच्या खाली बसून डबा उघडू नये.

एकट्या माणसानं अस्वलाच्या मुलखात बोलत चालावं म्हणतात. मी मोठ्यानं पाढे म्हणते. पण धबधब्याजवळ त्याचा उपयोग नसतो, पाण्याच्या आवाजात अस्वलालाही तुम्ही ऐकू येत नाही. अशा वळणांवर मी टाळ्या वाजवत, आणखी ओरडून जाते. अस्वलाचा स्प्रे कमरेला, पाठपिशवीत नाही. पिशवीतला स्प्रे काढेपर्यंत अस्वल थांबत नसतं. आणि एकटीनं जायचं तर कुठली वाट, किती वाजता परत, हे कॅम्पवरच्या शेजाऱ्याला सांगून निघते. ट्रेलरवाले शेजारी याबाबतीत फार चांगले. खुर्ची टाकून बसलेलेच असतात, तुम्ही परत आलात की नाही हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

आरामखुर्ची

खुर्ची टाकून बसलेले म्हणजे आम्हीच! माझे आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्यांना घेऊन मिशिगनमध्ये टाक्वामेनॉनला गेलो. अपर फॉल्स पन्नासेक फूट उंच आणि दोनशे फुटांहून रुंद. पाण्याचा रंग कोऱ्या चहाचा, खाली पांढरा फेस. बाबांचा पहिला प्रश्न, "वर कारखाना आहे का रे?" कारखाना नाही. नदी सीडरच्या दलदलींतून येते, तिथल्या झाडपाल्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं. फेसही त्याच नैसर्गिक कारणानं.

लोअर फॉल्सला एका बेटाभोवती छोटे छोटे धबधबे आहेत. पूर्वी त्या बेटावर जायला होडी वल्हवावी लागायची, २०२२ मध्ये पूल झाला. आईनं त्या पुलावरून जाऊन बेटावर बसून धबधबा पाहिला. होडीत ती बसलीच नसती.

दोन्ही धबधब्यांच्या मध्ये नदीकाठची चारेक मैलांची वाट आहे. मुळं, चिखल, चढउतार, आई-बाबांच्या आवाक्यातली नव्हे. बायको आणि मी सकाळी लोअर फॉल्सच्या कॅम्पवरून चालत निघालो, आई-बाबा ट्रेलरमध्ये निवांत. बहीण दुपारी त्यांना गाडीत घालून अपर फॉल्सला घेऊन आली, आम्ही तिथे चालत पोचलो. सगळ्यांनी मिळून धबधबा पाहिला आणि परत गाडीनं. वयात फरक असलेल्या कुटुंबाला हे फक्त ट्रेलर सोडून ठेवला म्हणून जमलं.

जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या इतक्या, की जाळीची टोपी हवीच. आणि सरपण घरून नेऊ नका. एमराल्ड अॅश बोरर नावाचा किडा २००२ मध्ये याच राज्यात सापडला आणि सरपणातून गावोगाव गेला. अॅशची असंख्य झाडं त्यानं मारली. जिथे जाळायचं तिथेच घ्यायचं.

रानफूल

वा! आता एक घरगुती प्रश्न, सगळ्यांना. ओले बूट, ओली जॅकेटं, चार माणसांचा श्वास आणि बंद ट्रेलर. सकाळी खिडक्यांवरून पाणी गळत असतं. काय करता?

ओलेचिंब

बुटांच्या आतली गादी काढून वेगळी, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, दर काही तासांनी बदलायचे. हीटरला चिकटवून ठेवू नका, तळाचा डिंक सुटतो. ओली जॅकेटं शॉवरमध्ये टांगायची, तिथे गळलेलं पाणी आपोआप ग्रे टँकमध्ये, म्हणजे आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याच्या टाकीत जातं.

मागचं चाक

छताचा व्हेंट बोटभर उघडा आणि समोरची एक खिडकी बोटभर. थंडी असली तरी. आतली दमट हवा बाहेर गेल्याशिवाय काही वाळत नाही. गॅसच्या शेगडीवर ट्रेलर गरम करायचा प्रयत्न तर अजिबात नको. जळणाऱ्या प्रोपेनमधून वाफ तयार होते, खिडक्या आणखी गळतात, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळा. त्याच्या अलार्मची बटणं निघण्यापूर्वी दाबून बघा.

आणि ग्रे टँकवरून आठवलं. चिखलाचे पाय शॉवरमध्ये धुतले की ती टाकी भसाभस भरते. दाराबाहेर एक बादली ठेवा. निघायच्या दिवशी डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी ब्लॅक (संडासाची टाकी), मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुतली जाते. हे उलट करणारे लोक माझ्या पुढच्या रांगेत नेहमी असतात.

शेपूटवाले

बादलीला अनुमोदन. आमच्याकडे पाय आठ आहेत, त्यातले चार कधीच स्वतःहून बादलीत जात नाहीत.

तंबूवाला

ट्रेलर नको म्हणालो होतो, त्यावर ठाम आहे. पण ओलेचिंब, ते गरम ट्रेलर आणि दुसऱ्या दिवशीच्या उलट्या फेरीचं वाचल्यापासून एक विचारायचंय. सिल्व्हर फॉल्सला वसंतात जागा मिळवायला किती आधी बुकिंग करावं लागतं? आणि भाड्यानं घेतला तर सगळ्यात छोटा किती फुटी चालेल?

ओलेचिंब

वीकेंड टाळा, निम्मं काम तिथेच होतं. आणि भाड्यानं घ्यायचाच तर फुटांआधी स्वतःच्या गाडीची ओढायची क्षमता बघा, मग मी सांगते.